सुभेदारांच्या घरात चिनी राजवाडा

प्रश्न : स. न. वि. वि. माझं वय अठ्ठावन्न. आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी अरुणाचल आणि लडाखच्या चौक्यांवर काढली. लॉकडाउनच्या पहिल्या वर्षी सुनेनं मला मोबाइलवर एक चिनी मालिका लावून दिली, राजवाड्यातली. मी त्यात पुरती अडकले. ‘यानशी पॅलेस’ दोनदा पाहिली, ‘झेन ह्वान’ पाहिली, आता ‘रुयी’ चालू आहे. इंग्रजी सबटायटल्स थांबवून थांबवून वाचते. ह्यांना आवडणार नाही म्हणून सगळे झोपले की स्वयंपाकघरात बसून पाहते. मागच्या महिन्यात हे पाणी प्यायला उठले आणि त्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. “तुला दुसरं काही मिळालं नाही?” एवढंच म्हणाले आणि गेले. तेव्हापासून संध्याकाळचा चहा घेऊन अंगणात एकटेच बसतात. मुलगा म्हणतो, “आई, कलेला सरहद्द नसते, सांग बाबांना.” मला ते सांगवत नाही. मी देशाशी बेइमानी करतेय का? मालिका सोडून देऊ का? आणि आणखी एक, विचारायला लाज वाटते. यानशीतली यिंगलुओ मला लेकीसारखी वाटली होती. रुयीत तीच बाई दुष्ट दाखवलीय. फार चीड आली. खरी कशी होती ती?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई,

आधी थोडक्यात सांगते. ही बेइमानी नाही. मालिका सोडू नका. चोरून पाहणं मात्र आजपासून सोडा.

त्या रात्री सुभेदारसाहेबांना दोन गोष्टी एकदम दिसल्या. मोबाइलवरचा चिनी राजवाडा, आणि अंधारात बसून आपल्यापासून काहीतरी लपवणारी बायको. जास्त काय लागलं असेल? माझा अंदाज दुसऱ्या गोष्टीकडे झुकतो. रागावलेला माणूस मोबाइल हिसकावतो, वाद घालतो. हे एक वाक्य बोलून अंगणात जाऊन बसले. ते दुखावले आहेत. लपवणं तुमच्या बाजूनं झालं, तेव्हा बोलणंही तुमच्याच बाजूनं सुरू व्हायला हवं.

मुलाचं वाक्य तुमच्या तोंडातून निघालं नाही, हे फार चांगलं झालं. ज्यानं बर्फात उभं राहून सरहद्द राखली, त्याला सरहद्द नसते असं घरच्यांनी सांगू नये. आणखी एक बघा. तुमची पहिली मालिका सुरू झाली ते दिवस कोणते होते? जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले. सुभेदारसाहेब तेव्हा घरी टीव्हीसमोर बसून त्या बातम्या पाहत असणार, आणि त्या चौक्या, ती थंडी, ते रस्ते त्यांना आतून माहीत. आपली बायको त्याच वर्षापासून रात्री काय पाहत होती, हा हिशेब त्यांनी मनाशी केला असेल. तो चुकीचा आहे हे तुम्हाला आणि मला कळतं. पण तो मनात आला म्हणून त्यांना दोष देता येत नाही.

तेव्हा एखाद्या संध्याकाळी, बातम्या लागायच्या आधी, तुमचा कप घेऊन अंगणात जा. समजवायला जाऊ नका. “लपवलं ते माझं चुकलं. मला त्या गोष्टी आवडतात. तुम्हाला बघून काय वाटलं ते सांगा,” एवढं म्हणा आणि थांबा. ते लगेच बोलणार नाहीत. बोलले तर कदाचित मालिकेबद्दल बोलणारच नाहीत. एखाद्या चौकीबद्दल, पलटणीतल्या एखाद्या माणसाबद्दल बोलतील. मग तेच ऐका. त्या दिवशी मालिकेचा विषय पुन्हा काढू नका.

पुढे कधी त्यांनी विचारलं, “हे चिनी सरकारचंच ना सगळं?”, तर खरं ते सांगा. चीनमध्ये कुठलीही मालिका सरकारी मंजुरीशिवाय दाखवता येत नाही. तुमच्या लाडक्या मालिकांमधला सम्राट कितीही संशयी, कितीही निष्ठुर असला, तरी साम्राज्य वाढतंय ही आनंदाचीच बातमी म्हणून येते. यानशी आणि रुयी दोन्हींत जो सम्राट आहे, तो छ्यानलोंग. त्याच्या अमलात चिंग साम्राज्य, म्हणजे त्याच्या घराण्याचं राज्य, शिंजियांगपर्यंत पसरलं, तिबेटवरची पकड घट्ट झाली, १७९२ मध्ये तर त्याचं सैन्य तिबेट ओलांडून नेपाळात उतरलं. राजवाड्याच्या मालिकांत हे बहुतेक पडद्यामागेच उरकतं. लढाईवरून खलिता येतो, दरबार गुडघे टेकतो, की पुन्हा राण्यांची भांडणं सुरू. जो मुलूख मालिका दाखवत नाही, त्याच्या काठावर तुमच्या घरच्या माणसानं नोकरी केली आहे. नकाशा पुढे घेऊन त्यांना विचारा. यानशी दोनदा पाहूनही तुम्हाला जे कळलं नाही, ते तुमच्याच अंगणात बसलेल्या माणसाकडून कळेल.

दुसरी बाजूही खरी आहे. ह्या मालिका म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांचा प्रचार, असंही सरसकट म्हणता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये ‘बीजिंग डेली’ ह्या कम्युनिस्ट पक्षाच्या वर्तमानपत्रानं राजवाड्याच्या मालिकांवर कडक टीका केली. ऐषआराम, कटकारस्थानं, बादशहांचं कौतुक ह्यानं समाज बिघडतो, असा सूर होता. त्यानंतर यानशी आणि रुयी दोन्हींची पुनःप्रक्षेपणं टीव्ही वाहिन्यांवरून निघाली. म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरात लपून जे पाहत होतात, ते तिथल्या सत्तेलाही फारसं रुचलेलं नव्हतं.

आता यिंगलुओ. ह्यात लाजण्यासारखं काय आहे? पात्र लेकीसारखं वाटणं आणि मग “खरी कशी होती” हा प्रश्न पडणं, इतिहासाची गोडी अशीच लागते. हाच प्रश्न २०१८ मध्ये चीनमधल्या प्रेक्षकांनीही एकमेकांना विचारला, आणि त्यावर कडाडून भांडलेही. दोन्ही मालिका त्याच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतरानं आल्या. सम्राट तोच, राजवाडा तोच, बायकाही त्याच. यानशीची नायिका रुयीची खलनायिका, आणि रुयीची नायिका यानशीची खलनायिका.

खऱ्या इतिहासात वेई घराण्यातली ती मुलगी राजघराण्याच्या सेवेकरी कुळातली. राणीवशात आली, पायरी पायरीनं वर चढली, तिला मुलं झाली. १७७५ मध्ये ती वारली तेव्हा ती पट्टराणी नव्हती. वीस वर्षांनी तिचा मुलगा युवराज जाहीर झाला, तेव्हा तिला मरणोत्तर सम्राज्ञीपद मिळालं. तो पुढे ज्याछिंग सम्राट झाला. ती धीट होती की कपटी, बोलकी होती की अबोल, ह्याबद्दल दरबारी नोंदी गप्प आहेत. नोंदी पदव्या सांगतात, बाळंतपणं सांगतात, मृत्यू सांगतात. बाकीची यिंगलुओ लेखकांनी रचली, आणि रुयीत तीच बाई ज्या नावानं येते ती वेई यान्वानही.

रुयीची गोष्ट मला जास्त हलवून जाते. ती म्हणजे नारा घराण्यातली राणी. १७५० मध्ये ती सम्राज्ञी झाली. १७६५ मध्ये सम्राट दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला, ती बरोबर होती. हांगचौला काहीतरी बिनसलं आणि तिला तिथूनच बीजिंगला परत पाठवलं. पुढच्याच वर्षी ती वारली आणि सम्राज्ञीच्या इतमामात तिला मूठमातीही मिळाली नाही. सम्राटानं नंतर कारण सांगितलं, ते एवढंच, की तिनं स्वतःचे केस कापले. मांचू, म्हणजे ह्या राजघराण्याच्या जमातीच्या, रीतीत सम्राट किंवा राजमाता वारली तरच राणीनं केस कापायचे. नवरा आणि सासू दोघंही जिवंत असताना तिनं कात्री चालवली. का? हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. रुयीचे सत्त्याऐंशी भाग त्या एका ‘का’चं उत्तर शोधायला रचले आहेत. तुम्ही अजून तिथवर पोचला नसाल, तर मी इथेच थांबते. पण यिंगलुओच्या रागानं ही मालिका सोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. यानशी चटपटीत आहे, चुरस आहे, अपमानाचा बदला पुढच्या दोन भागांत मिळतो. रुयी संथ आहे. त्यात नवरा-बायकोचं लहानपणापासूनचं प्रेम हळूहळू कसं विटत जातं ते दिसतं. लग्नाला कित्येक वर्षं झालेल्या बाईला ती तरुण मुलीपेक्षा जास्त कळेल.

हे सगळं घडत होतं तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं, हे मांडून पाहिलं की माणसं एकदम जवळची होतात. झेन ह्वानचा योंगचेंग सम्राट १७२२ ते १७३५, म्हणजे पुण्यात थोरले बाजीराव पेशवे. यानशीची सुरुवात १७४१ ची, साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज. नारा राणीनं केस कापले तेव्हा पानिपत होऊन चार वर्षं झाली होती आणि माधवराव राज्याची घडी पुन्हा बसवत होते. तुम्ही साताऱ्याच्या आहात, ह्या तारखा तुमच्या घरच्याच. वहीच्या एका पानावर दोन रकाने करा, एका बाजूला त्यांची सालं, दुसऱ्या बाजूला आपली.

झेन ह्वानमध्येही खरं-खोटं असंच विणलेलं आहे. मूळ कादंबरी काल्पनिक राज्यात घडते. २०११ मध्ये मालिका करताना ती योंगचेंगच्या दरबारात आणून बसवली. त्यामुळे त्या तोऱ्यातल्या ह्वा राणीला खराखुरा भाऊ मिळाला, सेनापती न्यान गेंगयाव. मालिकेत भाऊ आधी पडतो आणि मग तिची दैना होते. प्रत्यक्षात ती १७२५ च्या अखेरीला आजारानं गेली, आणि जायच्या थोडं आधी सम्राटानं तिला बढती दिली होती. भावाला जीव देण्याचा हुकूम तिच्यामागून सुटला. बहीण जाईपर्यंत सम्राट थांबला होता का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण सबटायटल्स थांबवून वाचताय म्हणजे नावांचा घोळ होत असणार. चिंग राणीवशात आठ पायऱ्या होत्या. सर्वांत वर सम्राज्ञी एक, तिच्याखाली ह्वांग ग्वेफेइ एक, मग ग्वेफेइ दोन, फेइ चार, पिन सहा. त्याखाली ग्वेरेन, छांगत्साय, ताइंग, ह्यांना संख्येची मर्यादा नाही. पायरी बदलली की हाक बदलते. झेन ह्वान ‘वान छांगत्साय’ म्हणून येते आणि मठातून परतते ती ‘शी फेइ’ होऊन. वहीच्या मलपृष्ठावर ही आठ पदं लिहून ठेवा, मग प्रत्येक वेळी मागे जाऊन पाहावं लागणार नाही. आणि यानशीतल्या बायकांचे कान बघितलेत का? प्रत्येक कानात तीन तीन डूल. ती मांचू बायकांची रीत, मालिकेनं ती मुद्दाम जपली. नानजिंगच्या कारागिरांची रेशमी फुलंही त्यांच्या केसांत आहेत. आता ‘दोनदा पाहिली’चं तिसऱ्यांदा करायचं असेल तर गोष्ट सोडा आणि फक्त कपडे, डोकी नि हात बघा.

सुभेदारसाहेबांना सोबत घ्यायचं का? आग्रह नको. पण ते स्वतःहून जवळ बसले, तर राण्यांची मालिका लावू नका. त्यांच्यासाठी दोन वेगळ्या आहेत.

पहिली ‘निर्वाणा इन फायर’, २०१५ ची, चोपन्न भागांची. राज्य काल्पनिक आहे. सत्तर हजारांची एक फौज सरहद्दीवर शत्रूशी लढून थकलेली असते, आणि राजद्रोहाचा खोटा ठपका ठेवून तिला आपल्याच लोकांकडून कापून काढलं जातं. त्यातून वाचलेला सेनापतीचा मुलगा कित्येक वर्षांनी वेगळं नाव, वेगळा चेहरा आणि मोडलेलं शरीर घेऊन राजधानीत येतो. त्याला गादी नको असते. मेलेल्या सैनिकांच्या नावावरचा डाग पुसायचा असतो. ही भूमिका हु ग ह्या नटानं केली आहे. २००६ मध्ये मोटार अपघातात त्याच्या चेहऱ्याला मोठी इजा झाली होती, हे माहीत असलं की चेहरा बदललेल्या माणसाचे प्रसंग आणखी आत जातात. पहिल्या चार-पाच भागांत नावांची गर्दी फार आहे. तेव्हा त्या फौजेची हकिकत साहेबांना आधी तोंडी सांगा, मग भाग लावा. पलटणीचं नाव म्हणजे काय, हे तुमच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी ‘द लाँगेस्ट डे इन छांगआन’, २०१९ ची. काळ तांग राजवटीचा, साल इसवी सन ७४४, कंदिलांच्या सणाचा दिवस. फाशीची शिक्षा झालेला एक माजी सैनिक, त्याला तुरुंगातून काढून शहर वाचवायला एक दिवस दिला जातो. सगळी मालिका त्या एका दिवसाची. छांगआनमध्ये भिंती आणि दरवाजे असलेल्या १०८ वस्त्या होत्या, नगारा वाजला की दरवाजे बंद, रात्री रस्त्यावर दिसला तर शिक्षा. सणाच्या रात्री मात्र मोकळीक, आणि धोका तिथूनच शिरतो. पहारा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, तो ही मालिका तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळ्या नजरेनं बघेल.

छांगआनचा आणि आपला एक जुना धागाही आहे, तो त्यांना जरूर सांगा. त्या मालिकेच्या काळाच्या आधी सुमारे शंभर वर्षं ह्युएन त्संग हा भिक्षू ह्याच शहरातून निघून भारतभर हिंडला आणि ६४५ मध्ये ह्याच शहरात परतला. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे महाराष्ट्रातही तो आला होता. इथल्या माणसांबद्दल त्यानं लिहिलं, की ती साधी आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान सोसत नाहीत. सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात आणि मग शस्त्र उचलतात, शरण आलेल्याला मारत नाहीत. हर्षवर्धनालाही हे लोक नमले नाहीत, हेही त्यानं नोंदवलं. त्यानं नेलेल्या पोथ्यांसाठी ६५२ मध्ये बांधलेला मनोरा आजच्या शीआनमध्ये उभा आहे. छांगआन म्हणजे आजचं शीआन. हे ऐकून सुभेदारसाहेब कदाचित काही बोलणार नाहीत, पण ऐकतील.

आणि ते म्हणाले, “तू बघ, मला नको,” तर तेही पूर्ण उत्तर आहे. ते माना, पुन्हा पुन्हा विचारू नका. नवऱ्याला आवडलंच पाहिजे अशी अट आपल्या कुठल्याच आवडीवर नसावी. पण “माझ्या घरात हे नको” असं म्हणाले तर मात्र गप्प बसू नका. तुमचंही ते घर आहे, आणि तुम्ही कुणाचं काही हिरावून घेत नाही आहात, हे शांतपणे सांगा. गलवानची तारीख, सैनिकांची पुण्यतिथी, असे दिवस आपणहून सोडून द्या. त्यांनी सांगायची वाट पाहू नका.

राहता राहिली झोप. रुयीचे सत्त्याऐंशी भाग, प्रत्येकी साधारण पाऊण तास, म्हणजे पासष्ट तास. हे रात्री दोन वाजता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून उरकायचं काम नाही. दुपारची जेवणं झाली की दोन भाग पाहा. भाग संपताना मोबाइल ठेवायचा प्रयत्न केलात तर ठेवता येणार नाही, शेवटची पाच मिनिटं पुढचा भाग लावायलाच लिहिलेली असतात. भागाच्या मध्यावर, राण्या चहा पीत बसल्या असतील तेव्हा थांबवा, उद्या तिथूनच सुरू करा. सुनेला सांगून मोबाइल टीव्हीला जोडून घ्या, अक्षरं मोठी दिसतील, डोळ्यांना ताण कमी. बसायचं बाहेरच्या खोलीत, दार उघडं, आवाज नेहमीचा. आणि वेई यान्वान पडद्यावर आली की खुशाल चिडा. ली छुन ह्या नटीनं तिचं काम इतकं चोख केलं आहे की चीड येणारच. ती उतरायला यानशीचा एखादा भाग हाताशी आहेच.